गणती म्हणजे झडती नव्हे

"वर कोणी राहत नाही, बाई."

घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती. दहा बाय बाराची खोली, दाराला लागून लोखंडी शिडी, शिडीच्या टोकाला माळा. २०११ चा फेब्रुवारी होता. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि जनगणनेची प्रगणक म्हणून ती गल्ली माझ्या वाट्याला आली होती. घरमालकीण दारात उभी राहून वर कोणी नाही असं सांगत होती, आणि तेवढ्यात वर कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघींनीही ती ऐकली. खोटं पकडलं गेल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर नव्हती. तिथे भीती होती. मी तिला सांगितलं की हे रेशनचं नाही, एसआरएचं म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं नाही, यातलं काही कुणाला दाखवत नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी लिवून नेणार, आन् उद्या दुसरं कोनतरी येनार."

नंतर मी दोनदा ती शिडी चढले. दोन्ही वेळा वरचं दार आतून बंद. तिच्या घरातली चार माणसं लिहून मी पुढे गेले. त्या वर्षी देशाची लोकसंख्या १२१ कोटी भरली. त्यात माळ्यावरचं कुटुंब माझ्या हातून तरी गेलेलं नाही.

ती बाई चुकली असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. कागद-पेन्सिल घेऊन दारात उभा राहणारा माणूस या शहरात बहुतेक वेळा काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो, नाहीतर कुणाला काही द्यायचं नाही हे ठरवायला. गणती आणि झडती यांतला फरक मुंबईच्या गोरगरिबांना कधी अनुभवायला मिळालेलाच नाही. आता १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा क्षण धरून देशाची माणसं मोजली जाणार आहेत. त्यासाठी ११,७१८ कोटी रुपये मंजूर झाले आहेत, सुमारे ३० लाख कर्मचारी लागणार आहेत आणि माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. या तयारीबद्दल पुष्कळ बोललं जातं. माझं म्हणणं असं की हा फरक लोकांना पटवून दिल्याशिवाय मुंबईची गणती खरी होणार नाही, मग अ‍ॅप कितीही चांगलं असो. आणि तो पटवण्याची जबाबदारी मोजणाऱ्याची आहे, मोजल्या जाणाऱ्याची नाही.

ही भीती आजची नाही. १८६४ साली मुंबई बेटाची पहिली रीतसर शिरगणती झाली तेव्हा ८,१६,५६२ माणसं भरली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद झाल्याने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं मुंबईकडे लोटली होती. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि १८७२ च्या गणतीत आकडा ६,४४,४०५ वर आला. १८९१ पर्यंत तो पुन्हा ८,२१,७६४ झाला. मग १८९६ चा प्लेग आला. सरकारी पथकं घराघरांत शिरायची. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत पाठवायचं, सामान बाहेर काढायचं. लोक आपली आजारी माणसं पोटमाळ्यावर, माजघरात लपवू लागले, आणि ज्यांना शक्य होतं ते गावी पळाले. १९०१ ची जनगणना अशा शहरात झाली आणि ७,७६,००६ हा आकडा आला. पाचच वर्षांनी, १९०६ मध्ये, शहराची वेगळी गणती झाली तेव्हा तो ९,७७,८२२ होता. पळालेले परतले होते. दारावरच्या थापेला घाबरायची सवय मात्र शहराच्या अंगात राहिली.

स्वातंत्र्यानंतर झडतीचं रूप बदललं. १९७६ साली सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणती केली आणि त्यातून फोटोपास दिले. ज्याच्याकडे तो पास आला त्याची झोपडी तुटली तर त्याला काही मागता येणार होतं. ज्याच्याकडे नाही, तो त्या दिवशी इथे नव्हताच असं धरलं गेलं. त्यानंतर 'या तारखेआधीची झोपडी पात्र' अशा तारखा बदलत गेल्या. १९८५, १९९५, १ जानेवारी २०००, पुढे पैसे भरून घर मिळण्यासाठी १ जानेवारी २०११. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द वस्तीतल्या दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतात. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्रतेच्या सरकारी यादीत, नाव आहे की नाही यावरून लग्नं जुळलेली आणि मोडलेली मी पाहिली आहेत. या व्यवस्थेत तळमजल्याचा मालक पात्र ठरू शकतो, माळ्यावरचा भाडेकरू नाही. वरचं कुटुंब कागदावर आलं तर आपल्या घरावर गंडांतर येईल, ही त्या बाईची भीती कायद्याच्या भाषेत चुकीची होती. तिच्या अनुभवाच्या भाषेत ती बरोबर होती.

कायदा तिच्या बाजूचा आहे, हे अजून मुंबईत कुणी मोठ्या आवाजात सांगितलेलं नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाचं कलम १५ म्हणतं की प्रगणकाने केलेली नोंद पाहण्याचा अधिकार कुणालाही नाही आणि ती कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. पोलिसाला नाही, महापालिकेला नाही, बिल्डरला नाही, नवऱ्याच्या वकिलालाही नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. जनगणना कुठलाही कागद मागत नाही. आधार नको, भाडेकरार नको, जन्मदाखला नको. तुम्ही तोंडी सांगाल ते लिहायचं, हा तिचा पाया आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सरकार आणि सामान्य माणूस यांच्यातला इतक्या विश्वासाचा दुसरा व्यवहार या देशात नाही.

या विश्वासाला तडा सरकारनेच दिला, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. २०२० च्या एप्रिलमध्ये घरयादीचं, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्याचं, काम सुरू व्हायचं होतं आणि त्याच फेरीत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही अद्ययावत करायचं ठरलं होतं. ही नोंदवही नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांतून येते, जनगणना १९४८ च्या कायद्यातून. पहिलीला कलम १५ चं कवच नाही, दुसरीला आहे. एकाच माणसाच्या हातात, एकाच दारात, एकाच वेळी या दोन गोष्टी दिल्या तर दारातल्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? त्याआधीच्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या नव्या कायद्याविरुद्ध नागपाड्यात बायका रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांना वेड्यात काढणं सोपं होतं. पण गणती कुठे संपते आणि झडती कुठे सुरू होते, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. करोना आला, दोन्ही कामं थांबली, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आता द्यावं लागेल. या फेरीत घेतलेली कुठलीही माहिती नागरिकत्वाच्या कामासाठी वापरली जाणार नाही, हे एका ओळीत, मराठीत, हिंदीत, उर्दूत, बांगलात छापून प्रत्येक दारी दिलं पाहिजे. ते दिलं नाही तर बांगला बोलणारा गवंडी मातृभाषा विचारल्यावर हिंदी सांगेल आणि जन्मस्थळ विचारल्यावर घराला कुलूप घालून निघून जाईल.

एवढा आटापिटा कशासाठी, असं विचारणारे शिकलेले लोक मला भेटतात. आधार आहे, मोबाइल आहे, उपग्रह आहेत, मग माणसाने दारोदार फिरायची गरज काय? आधार माणसाची ओळख पटवतं. तो आज कुठे झोपतो, कुणासोबत एका चुलीवर जेवतो, कामाला किती लांब जातो, हे त्यात नसतं. नमुना पाहण्या होतात खऱ्या, पण नमुना कुठून उचलायचा याची चौकटही जनगणनेतूनच येते. देशात १८८१ पासून दर दहा वर्षांनी गणती झाली. १९४१ ला महायुद्ध चालू असतानासुद्धा झाली. २०२१ ला पहिल्यांदा खंड पडला. म्हणजे आज मुंबईबद्दल जे काही ठरतं ते २०११ च्या माणसांवरून ठरतं.

रेशनचं उदाहरण पुरेसं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या शहरी भागासाठी ४५.३४ टक्क्यांची मर्यादा ठरली आणि राज्याचा एकूण कोटा सात कोटी माणसांचा. हा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर बसवलेला आहे. तेव्हापासून राज्यात जन्मलेली मुलं, बाहेरून आलेली कुटुंबं, कोणीही त्या सात कोटींच्या बाहेरचंच. कोटा भरला की नवं नाव घालायला जुनं नाव निघावं लागतं. रेशन दुकानात "नाव चढत नाही" असं बायका सांगतात तेव्हा बराचसा दोष दुकानदाराचा नसतो. तो न झालेल्या जनगणनेचा असतो.

महापालिकेचे प्रभागही तसेच. २०२१ मध्ये राज्य सरकारने नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ केली. लोकसंख्या वाढली असणार, हे त्यामागचं गृहीतक. पुढच्या सरकारने ती पुन्हा २२७ केली. वाद कोर्टात गेला. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हते. त्याला बाकीही कारणं होती, पण हातात ताजा आकडा असता तर निदान एक भांडण कमी झालं असतं. अखेर प्रभाग आखले गेले ते २०११ च्या लोकसंख्येवर. ज्या पट्ट्यात तेव्हा बैठ्या चाळी होत्या आणि आता पन्नास मजली मनोरे आहेत, तिथेही तोच आकडा.

शहर या काळात किती हललं आहे याची चुणूक जुन्याच आकड्यांत दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाली, म्हणजे अडीच लाखांनी घटली. गिरण्या गेल्या, गिरणगाव डोंबिवली-बदलापूर-विरारकडे सरकलं. त्याच जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला. पालघर जिल्हा म्हणून त्याची गणती आजपर्यंत एकदाही झालेली नाही. आणि शहरात दाटी आहे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की २०११ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी आढळली होती.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा आकडा झोपडपट्टीचा आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबईचे ५४ टक्के लोक झोपडपट्टीत होते, साधारण ६५ लाख. २०११ मध्ये ते ४२ टक्के झाले, ५२ लाख. दहा वर्षांत तेरा लाख माणसं झोपडीतून निघाली? काही पुनर्वसनाच्या इमारतींत गेली हे खरं, मीही त्यांचं गृहप्रवेशाचं जेवण जेवले आहे. पण तेरा लाख म्हटल्यावर मला ती शिडी आठवते. पडताळणीत जनगणना खात्यानेच मान्य केलं की २०११ ला दर हजारी २३ माणसं निसटली. देशभराचा हिशेब केला तर ती पावणेतीन कोटींच्या वर जातात, आणि ही गळती शहरांत अधिक असते. निसटतात ती कुणाची माणसं? भाड्याने राहणारी, एकटी राहणारी, कारखान्यातच झोपणारी. धारावीत चामड्याच्या किंवा शिवणाच्या गाळ्यात दिवसा बारा जण काम करतात आणि रात्री तेच बारा जण यंत्रांच्या मधे अंथरूण टाकतात. गणती दिवसा होते, तेव्हा तो कारखाना असतो. धारावीत सहा लाख राहतात असं कुणी म्हणतं, कुणी दहा लाख म्हणतं. ज्या वस्तीच्या पुनर्विकासाची एवढी मोठी योजना आहे तिच्या माणसांबद्दल एवढा फरक असावा, हे आपण सहज ऐकून घेतो.

या वेळी इमारतींची नोंद नकाशावर टिंब देऊन होणार आहे. चांगलं आहे. आम्ही २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी करताना नजरी नकाशा हाताने काढला होता. दीड फुटाच्या गल्लीला नाव नसायचं, मग "सार्वजनिक नळापासून डावीकडे" असं लिहायचं. पण डोंगरावरच्या वस्तीत घरं आडवी नसतात, उभी असतात. नकाशावर टिंब एकच पडेल आणि त्याच्या खालीवर तीन संसार असतील. ते शोधायला डोळे वर न्यावे लागतात, आणि दार वाजवल्यावर थांबावं लागतं.

मनोऱ्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे प्रगणकाला गेटवरच अडवतात. २०११ मध्ये एका सोसायटीच्या वॉचमनने मला तीन दिवस "सेक्रेटरी नाहीत" सांगितलं. ज्या लोकांना गमावण्यासारखं काही नव्हतं त्यांनी दार उघडलं नाही, आणि ज्यांना भीती होती त्यांनी निदान पाणी तरी विचारलं. आता स्वतःच ऑनलाइन माहिती भरायची सोय आहे. ती सुखवस्तू घरं जास्त वापरतील, आणि मला काळजी आहे ती त्या घरांत राहणाऱ्या मुलींची. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. घरात राहून काम करणारी झारखंडची किंवा डहाणूची मुलगी त्या कुटुंबात मोजली गेलीच पाहिजे. बापाने सोफ्यावर बसून फॉर्म भरताना बायको, दोन मुलं, आई लिहिली आणि स्वयंपाकघरात झोपणारी सोळा वर्षांची पोर विसरली, तर ती या देशात कुठेच नाही. तिच्या गावीही नाही, कारण मोजणीच्या काळात ती तिथे नसते. तळघरातले वॉचमन, ड्रायव्हरच्या खोलीत झोपणारे, क्लबहाउसच्या मागचे माळी हेही तसेच. सोसायट्यांच्या कमिट्यांनी प्रगणकाला बसायला खुर्ची द्यावी आणि सोसायटीत झोपणाऱ्या प्रत्येक माणसाची यादी आधीच करून ठेवावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

कोकणातल्या घरांशी माझं एक वेगळं भांडण आहे. "तो आमचाच, नाव गावातच घाला" असं म्हणत मुंबईतल्या मुलाचं नाव गावच्या घरात सांगायची पद्धत आहे. माझ्या आजोळीही तेच चालतं. यात माया आहे हे मला समजतं. पण माणूस जिथे त्या दिवसांत राहतो तिथेच मोजायचा असतो. मोजणीचा फेब्रुवारी त्यासाठी सोयीचा आहे. गणपती नाहीत, शिमगा नाही, मे महिना नाही. आंगणेवाडीची जत्रा आली तरी दोन दिवसांत माणूस परत लोकलला लोंबकळत असतो. मुलाचं नाव गावी लागलं तर त्याच्या वाट्याचं पाणी, त्याच्या लोकलचा डबा, त्याच्या पोरांच्या शाळेचा वर्ग मुंबईच्या हिशेबातून वजा होतो. आणि त्याने गावी आणि इथे दोन्हीकडे नाव लावलं तर दोन्ही हिशेब बिघडतात.

याच घरांना मातृभाषेचाही प्रश्न आहे. २००१ ते २०११ मध्ये मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आले आणि हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. या आकड्यांवर किती तावातावाने भाषणं झाली ते आपण ऐकलं आहे. पण भोजपुरी सांगणाराही हिंदीत धरला जातो आणि मालवणी सांगणारा कोंकणीत, हे भाषणांत येत नाही. मी मालवणी बोलणाऱ्याला मराठी लिही म्हणणार नाही. घरात जी बोलतो ती सांगावी, निर्भयपणे. मराठीची बाजू घ्यायची तर ती खऱ्या आकड्यावर उभं राहून घ्यावी.

जातीच्या प्रश्नावर मी बरीच वर्षं गोंधळलेली होते. जात लिहून घेतली की ती पक्की होते, असं माझ्या पिढीला शिकवलेलं. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी झाली नाही ती अशाच विचाराने. माझं मत बदललं ते महाराष्ट्रातल्या ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणामुळे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांमध्ये आरक्षण द्यायचं तर आधी माहिती गोळा करा. माहिती नव्हती. मग आयोग नेमला गेला आणि मतदार याद्यांतल्या आडनावांवरून जातीचा अंदाज बांधल्याच्या तक्रारी झाल्या. आडनावावरून! या राज्यात जाधव, पवार, गायकवाड किती जातींत आहेत हे माझ्या वर्गातल्या हजेरीपटावरून कुणालाही सांगता आलं असतं. माणसाला न विचारता त्याच्या नावावरून त्याची जात ठरवणं, यापेक्षा त्याच्या दारात जाऊन त्यालाच विचारणं कितीतरी सभ्य आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातगणनेचा निर्णय घेतला, तो मला म्हणून पटतो.

तो राबवताना २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणीची चूक पुन्हा होऊ नये. तेव्हा लोकांनी सांगितलं ते जसंच्या तसं टिपलं. आडनाव, कूळ, पोटजात, गावाचं नाव, वेगवेगळी स्पेलिंगं, सगळं जात म्हणून जमा झालं. एकट्या महाराष्ट्रात सव्वाचार लाखांहून जास्त 'जाती' निघाल्या. ती जातींची माहिती कधी प्रसिद्धच झाली नाही. या वेळी प्रत्येक राज्याची यादी आधी जाहीर व्हावी, तिच्यावर हरकती घ्याव्यात आणि प्रगणकाला यादीतून निवडता यावं. आणि जात सांगायची नाही असं म्हणणाऱ्याचं उत्तरही उत्तर म्हणून नोंदवलं जावं.

आता एक गोष्ट, जी मला शिक्षिका म्हणून आणि बाई म्हणून सगळ्यात जवळची आहे. जनगणनेत विचारतात, काम करता का? मालाडच्या एका खोलीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा नवरा म्हणाला, "ती घरीच असते." ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवत होती. तिची मान वर झाली नाही. मी तिला विचारलं, "ताई, हे तुम्ही कुणासाठी करता?" तिने सांगितलं, शेटचा माणूस शनिवारी माल घेऊन जातो, ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर, पैसे देतो. रोज किती तास? पोरं शाळेत गेल्यावर, आणि रात्री झोपल्यावर. मी तिला काम करणारी म्हणून लिहिलं. नवरा चकित झाला. तीही झाली असावी. पापड लाटणाऱ्या, गजरे ओवणाऱ्या, लेबलं लावणाऱ्या, कपड्यांचे धागे कापणाऱ्या अशा किती बायका मुंबईत 'घरीच असतात'. त्यांच्यासाठी पाळणाघर, कामाच्या जागी उजेड, वीजबिलात काही सूट, हे मागायला आधी त्या कामकरी म्हणून दिसायला हव्यात. प्रगणकांच्या प्रशिक्षणात हा एक प्रश्न एक पूर्ण तास घ्यावा. उत्तर ती देईल, तिच्या वतीने नवरा किंवा सासू देणार नाही, हे सांगावं.

हे सगळं करणार कोण? बहुतेक पुन्हा माझ्यासारखे शिक्षकच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना बाकी सरकारी कामांतून मोकळं केलं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही तीन कामं ठेवली. मला ते योग्य वाटतं. वस्तीत शिक्षकाची ओळख असते, पोरांमुळे दार उघडतं. फक्त दिवसा शाळा आणि संध्याकाळी गणती अशी दुहेरी जुंपणी नको. माळ्यावरचा माणूस रात्री नऊला घरी येतो. त्याला भेटायचं तर प्रगणकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सातची शाळा नसावी.

आणि माझी मुख्य मागणी. माणसं मोजण्याचा फेब्रुवारी आणि फेरतपासणीचे मार्चचे पहिले पाच दिवस, एवढा काळ मुंबईत एकही झोपडी तोडू नये. एसआरएचं, पुनर्विकासाचं, पात्रतेचं कुठलंही सर्वेक्षण त्या काळात करू नये. अतिक्रमणविरोधी गाड्या आणि भाडेकरू पडताळणीची मोहीम तेवढे दिवस बंद ठेवावी. सरकारने हे लेखी जाहीर करावं आणि प्रत्येक वस्तीत रिक्षावर भोंगा लावून सांगावं. पाचेक आठवड्यांनी कुणाचं काही अडणार नाही. एका हाताने घर तोडायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच गल्लीत "निर्भयपणे माहिती द्या" म्हणायचं, हे जमणार नाही.

बेघरांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत होते. २०११ मध्ये बृहन्मुंबईत असे सुमारे ५७ हजार लोक सापडले. रात्री स्टेशनांबाहेर, पुलांखाली, भायखळ्याच्या भाजीबाजाराच्या कडेला चालून पाहिलेल्या कुणालाही हा आकडा थोडा वाटेल. माझे एक सहकारी त्या रात्री मोजायला गेले होते. त्यांच्या सुरक्षेसाठी म्हणून मागे गाडी दिलेली होती, वर दिवा असलेली. ते सांगत, गाडी कोपऱ्यावर वळली की फूटपाथवरची पांघरुणं हलायची, बायका मुलांना कडेवर घेऊन उठायच्या आणि अंधारात गल्लीत शिरायच्या. पुढच्या चौकात पोचेपर्यंत मोजायला विटांच्या चुली आणि गरम राख उरलेली असायची. शेवटी रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी ती गाडी परत पाठवून दिली, एका चहावाल्याला सोबत घेतलं, आणि पहाटेपर्यंत एकशे चाळीस माणसं लिहिली.